न उठणारी मंडई

एखादा ऑनलाइन खेळ वरचढ झाला की बाकीच्या खेळांची विक्री घटते, असे सरसकट म्हटले जाते. घट होते हे खरे. पण तिचे कारण गल्ल्यात शोधून सापडत नाही. पब्जी मोबाईल आणि फ्री फायर हे खेळ मुळात फुकट मिळतात. त्यांच्यापायी खिसा रिकामा झाला आणि म्हणून दुसरा खेळ घेता आला नाही, असे क्वचितच घडते. वरचढ खेळ दोनच गोष्टी अडवून ठेवतो: संध्याकाळ आणि सोबती.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, शिंगाड्यांची आणि खेळण्यांची दुकाने, घरोघरी पाहुणे, रात्री नाटक. लगतच्या दोन गावांची मंडई शक्यतो एका दिवशी येऊ देत नाहीत. पाहुणा तोच, रात्र एकच, तिकीटही तो एकाच मंडपाचे काढणार. तारखा आदळल्याच तर नुकसान एका रात्रीचे असते.

विकत घेऊन खेळायच्या खेळांचा व्यवहारही बराचसा असाच चालतो. २०१६ च्या ऑक्टोबरात २१ तारखेला ‘बॅटलफील्ड १’ आला, ४ नोव्हेंबरला ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग यायचा होता, आणि मधल्या २८ तारखेला ‘टायटनफॉल २’ उभा केला गेला. समीक्षकांनी तो उचलून धरला, विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. दोन मोठ्या मंडयांच्या मध्ये तंबू ठोकल्यावर दुसरे काय व्हायचे! ‘टायटनफॉल’ बनवणाऱ्याच रिस्पॉन कंपनीने त्याच काल्पनिक जगात बेतलेला ‘एपेक्स लेजेंड्स’ ४ फेब्रुवारी २०१९ रोजी फुकट सोडला, तेव्हा आठवड्यात अडीच कोटी खेळाडू आले.

फुकट ऑनलाइन खेळ मात्र उठतच नाही. हंगाम संपला की दुसरा सुरू होतो. नवा नकाशा, नवे पोशाख, पुन्हा तळापासून चढायची रँक. त्याला टाळून दुसऱ्या खेळाने तारीख धरावी कोणती?

भारतात ही स्थिती यायला थोडी पूर्वतयारी लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईल डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पब्जी मोबाईल जगभर खुला झाला. जुलै २०१९ मध्ये त्याची हलकी ‘लाइट’ आवृत्तीही भारतात आली. कमी रॅमच्या फोनवर, जिथे एखाद्या लहान देशी खेळाला जागा मिळाली असती, तिथेही मोठ्यानेच सतरंजी अंथरली. त्याआधी शहरांतल्या सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ चाले, पण तिथे तासाचे पैसे पडत आणि कॅफेचे शटर पडले की खेळही संपे.

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावी धानाची रोवणी आटोपल्यावरची संध्याकाळ पाहावी. पानठेल्यामागच्या ओट्यावर चार पोरे फोन आडवे धरून बसलेली. एकाचा डेटा संपलेला, तो दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर. ‘अबे, मागून येऊन राहिला!’ ‘रिव्हाइव्ह दे ना बे!’ यापलीकडे बोलणे नाही. चौघांचा मिळून एक स्क्वॉड. यांतल्या एकाला दुसरा खेळ जास्त आवडला तर त्याने काय करायचे? त्याला ओटा सोडावा लागतो, किंवा उरलेल्या तिघांना त्याच दिवशी खेळ बदलायला लावावा लागतो. शिवाय फोनमध्ये साठवण मोजकी. एका मोठ्या अपडेटसाठी लग्नातले व्हिडिओ पुसावे लागतात, मग दुसऱ्या खेळाला जागा कुठली? आणि तीन हंगाम घासून मिळवलेली रँक, भावाच्या यूपीआयवरून यूसी, म्हणजे खेळातले चलन, भरून घेतलेला बंदुकीचा रंग, हे सारे त्याच खात्यात अडकलेले. नवा खेळ कितीही चांगला असला तरी तिथे जाणारा शून्यावर जातो आणि एकटा जातो. विक्री अडते ती इथे.

वरचढ खेळ अचानक बाजूला झाला तर ही गिऱ्हाइके कुठे जातात, हे पडताळण्याची संधी सहसा मिळत नाही. भारतात ती मिळाली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत पब्जी मोबाईल आणि लाइट दोन्ही होते. ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. बंदीनंतर दोनच दिवसांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या ‘फौजी’ या खेळाची घोषणा अक्षय कुमारने केली. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ आला, डाउनलोडही भराभर झाले, पण उत्साह लवकरच ओसरला. गलवानच्या पार्श्वभूमीवर एकट्याने हातघाईची लढाई करायची, असे त्याचे सुरुवातीचे रूप. ओट्यावरच्या चौघांना एकत्र उतरता येईल असे त्यात काही नव्हते. देशाभिमानाने खेळ फोनमध्ये उतरवला जातो. रोज संध्याकाळी उघडला जाण्यासाठी स्क्वॉड लागतो. चौघांना सामावून घेणारे फ्री फायर आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल आधीच तयार होते, आणि रिकाम्या जागेचा लाभ त्यांना झाला.

२ जुलै २०२१ रोजी पब्जीची मालक असलेल्या क्राफ्टन कंपनीने पब्जी मोबाईल हाच खेळ बीजीएमआय या नावाने भारतात पुन्हा आणला. जुन्या खात्यातली सामग्री नव्या खात्यात घेण्याची सोयही दिली. अडकलेले रंग आणि पोशाख परत मिळाले, पाठोपाठ स्क्वॉडही परतले. पुढे २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयसुद्धा ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत ज्यांच्या फोनात तो आधीपासून होता, त्यांचा चालूच राहिला. दुकान बंद झाले, मंडई भरलेलीच होती. प्रतिस्पर्ध्यांना या वेळी पहिल्यासारखे मैदान मिळाले नाही.

बाहेरच्या जगातही ठेच अशाच जागी लागते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला आणि २०१० पर्यंत त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. त्याच्या धर्तीवर महिन्याची वर्गणी मागणारे कित्येक खेळ वर्षा-दोन वर्षांत फुकट झाले. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला चाळीस डॉलर किमतीला आला. त्याच प्रकारचे मुरलेले खेळ फुकट मिळत असताना, आणि सोबती तिथेच असताना, चाळीस डॉलर कोण मोजणार? ६ सप्टेंबरला तो बंद करून पैसे परत केले गेले.

म्हणून सगळेच खेळ सावलीत सुकतात असे नाही. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ चा. पब्जीच्या ऐन भरात, २०२० च्या टाळेबंदीत, तो घरोघर पोचला. त्याचे सोबती वेगळे होते: आई, मावशी, पुण्याला अडकलेला भाऊ. ओट्यावरच्या चौघांतलाच एक रात्री घरी त्यांच्याशी सोंगट्या खेळे, आणि दोन्ही खेळांचे काही बिघडत नसे. टक्कर एकाच प्रकारच्या खेळांत होते हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ती एकाच टोळक्यासाठी होते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा आणखी निराळा. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट एकट्याने खेळायची, विकत घेऊन, आणि एकदा संपली की संपली. पब्जीवरच्या बंदीच्या पंधरा दिवस आधी, १८ ऑगस्ट २०२० ला, तो निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. गोंदियाच्या ओट्याशी त्याची स्पर्धा नव्हती. तिथे स्विच कोणाकडे असणार? त्याचे गिऱ्हाईक खेळासाठी पैसे मोजायला सरावलेले होते, आणि ते बहुतेक परदेशी.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने मात्र थेट ओट्यावर यायचे ठरवले. ‘इंडस’ हा त्यांचा पब्जीच्याच प्रकारचा बॅटल रॉयल खेळ १६ ऑक्टोबर २०२४ ला खुला झाला, तोपर्यंत पूर्वनोंदणी एक कोटीवर गेली होती. पूर्वनोंदणीला एक बोट पुरते. खेळायला मात्र चौघे एकाच संध्याकाळी यावे लागतात, आणि त्या चौघांची रँक आधीच दुसरीकडे लागलेली असते.