दोर ओला होता : वस्तीवरच्या शाळेतले विज्ञान

(औरंगाबादच्या शिबिरात संध्याकाळच्या शाळेच्या मंडळींनी केलेले भाषण. थोडे आवरून लिहिले आहे.)



सकाळपासून दाव्यांवर बोलणे चालले आहे. कोणाचा दावा कुठे अडकला, कोणाच्या कागदावर सही नाही. त्यात आम्हाला शाळेतल्या विज्ञानावर बोलायला उभे केले, तर मागून कोणीतरी म्हणाले, "आता हे काय मधेच?" जरा ऐका, मग ठरवा मधेच आहे का ते.

आम्ही चौघे कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यात संध्याकाळची शाळा घेतो. आमच्यातले दोघे दहावीला विज्ञानातच आपटले, हे आधी सांगून टाकतो. आम्ही शिकलो त्या शाळेत विज्ञानाची पेटी होती. काचेच्या नळ्या, भिंग, लोहचुंबक, सगळे होते, पण कपाटात. गुरुजी बिचारे भिऊन असायचे. नळी फुटली की डेडस्टॉकच्या वहीत नोंद, आणि भरपाई पगारातून. म्हणून आम्ही भिंगाचे चित्र काढले, भिंग कधी हातात धरले नाही. आता पोरांना शिकवायची वेळ आली तेव्हा आमच्याकडे कपाटही नव्हते. होता एक दोर.

त्याचीच गोष्ट सांगतो. एका भावाच्या पट्टीचे माप आम्हीच घेतले होते, ३३ फुटी दोराने. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. माप भरले ३ एकर, म्हणजे १२० गुंठे. पुढे यंत्राने मोजणी झाली, ती भरली २ एकर २६ गुंठे. १४ गुंठे गेले कुठे? वस्तीवर एकच उत्तर : साहेबाने खाल्ले. मोर्चाची भाषा सुरू झाली. ती बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

तेव्हा आठवीतली एक पोरगी म्हणाली, "दोर खराच ३३ फूट आहे का?" सुताराचा टेप आणून लावला. बरोबर ३३ भरला. आम्ही म्हटले, झाले समाधान? तर म्हणे, "मोजणीच्या दिवशी पाऊस होता." दोर अंबाडीचा. रात्रभर पाण्यात टाकला आणि सकाळी ताणून मोजला, तर ३२ फूट ४ इंच! अंबाडी भिजली की फुगते, पीळ घट्ट होतो आणि दोर आखडतो. बाजेची दोरी पावसात कशी ताठ होते ते घरोघरी ठाऊक आहे. पण मापाच्या दोराला तीच गोष्ट लागू आहे, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही. दोर आखूड, म्हणून जमीन जास्त भरली.

तरी १४ गुंठ्यांचा हिशोब पुरा होईना. पट्टी उताराची आहे. आम्ही दोर जमिनीला टेकवून उतारावरून खाली आणत होतो. यंत्र आणि नकाशा जमीन आडवी धरतात, घारीला वरून दिसते तशी. पोरांनी उतार मोजला. उतारावर १३ फूट चाललो की ५ फूट खाली येतो, आणि आडवे अंतर भरते १२ फूटच. म्हणजे १३ त १ गेला. १२० गुंठ्यांचे १३ भाग करून १२ ठेवले तर १११ च्या आसपास उरतात. दोराची खोट लांबीतही आली आणि रुंदीतही, म्हणून ती दोनदा कापायची. करून पाहा, आकडा १०६ वर येतो. १०६ गुंठे म्हणजे २ एकर २६ गुंठे. कोणी काही खाल्ले नव्हते! मोर्चा निघाला असता तर पुढची दोन वर्षे आपल्या कुठल्याच मापावर कोणी विश्वास ठेवला नसता.

आता दुसरी बाजू. त्याच वस्तीत नाल्याकाठी एक सपाट पट्टी आहे. पोरांनी ती कोरड्या दोराने तीनदा मोजली, दर वेळी दोर धरणारे वेगळे. तिन्ही मापे जवळजवळ सारखी आली, आणि कागदावर ११ गुंठे कमी. तिथे उतार नाही, दोर ओला नाही. मग काय? त्या कोपऱ्यावर जुन्या आंब्यांची सावली आहे. आकाशातून काढलेल्या फोटोत तिथे नुसती झाडी दिसते. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २०१२ साली सुधारले, त्यात लिहिले आहे की असला फोटो इतर पुराव्यांच्या जोडीला घ्यायचा, त्यांच्या जागी नाही. नियम १३ मध्ये बांध, सपाटीकरण, जुनी विहीर, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हे सगळे पुरावे म्हणून दिलेले आहेत. आंब्याखाली दगडी बांध आहे. १३ डिसेंबर २००५ च्या कितीतरी आधीचा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येते, तसे गेलो. निकाल यायचा आहे. पोरांची वही हा काही कायद्याने पुरावा नव्हे, हे वकील साथींनी साफ सांगितले. पण पाहणीच्या वेळी नेमके कुठे उभे राहायचे ते त्या वहीने दाखवले. वहीत चारच रकाने आहेत : तारीख, दोर ओला की कोरडा, धरणारे कोण, आकडा.

उतार मोजला कसा, हे काहींनी जेवताना विचारले. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या आणि पाण्याने भरा. दोन्ही टोके दोन काठ्यांना बांधा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबते, मग एक काठी वर असो की खाली. पाणी काठीवर कुठे आले ते मोजायचे आणि वजाबाकी करायची. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटे येते, तेवढे सांभाळा.

काल पोरांना इथली पाणचक्की दाखवली. लांबच्या डोंगरातला झरा, तिथून मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलेले पाणी, ते मनोऱ्यात वर चढते आणि खाली पडून जाते फिरवते. "मोटर नसताना पाणी वर चढले कसे?" असे एकाने विचारले, तर आमच्या एका पोराने लगेच दोन्ही हात वर करून नळी दाखवली. झरा मनोऱ्याच्या टोकापेक्षा उंच आहे, इतकेच. मलिक अंबराने ४०० वर्षांमागे नहर बांधून या शहराला पाणी दिले, ते याच जोरावर. पुस्तकात हा धडा आहे, पण त्यात काचेच्या नळ्या आहेत, ज्या कपाटात आहेत.

असे आणखी पुष्कळ आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. काठीचा तराजू करा. एका पारड्यात भरलेली बाटली, दुसऱ्यात तसलीच रिकामी बाटली आणि व्यापाऱ्याचे किलोचे माप. डिंक विकायच्या आधी एकदा करून बघा. सरळ बाजूंच्या बाटलीत पाऊस मोजा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ४ हजार लिटर पाणी होते, २०० लिटरची २० पिंपे. हे ऐकल्यावर बांध कशाला घालायचा ते पोरांना वेगळे सांगावे लागत नाही. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य डोक्यावर येतो तेव्हा, अंगणात सरळ काठी रोवून ठेवा. आपल्याकडे तिची सावली नाहीशी होते. आमच्या एका आजीने आधी खुळ्यात काढले, मग स्वतः तासभर उन्हात बसून बघितले.

हे आम्ही शोधले नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ सरकारी शाळांत असे शिकवणे सुरू झाले. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी ते उभे केले, पुढे एकलव्य संस्थेने चालवले आणि ते जिल्हाभर पसरले. पोरे प्रयोग करून उत्तर लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. ३० वर्षे चालले, २००२ साली सरकारने बंद केले. बंद होते, याचाही विचार आपण करावा. सरकारी शाळेत गुरुजींनी मनावर घेतले तर उत्तमच, पण सगळी मदार त्यावर ठेवू नये. होशंगाबादेतच अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून विज्ञानाची खेळणी केली. त्यांची पुस्तके मराठीत आहेत, फुकट वाचता येतात. पुण्याहून निघणारे 'शैक्षणिक संदर्भ' हे द्वैमासिकही मागवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीने दोन पोरे पाठवा, त्यात एक पोरगी असावी. सोबत ३३ फुटी दोर, गवंड्याची नळी आणि एक कोरी वही. सुताराचा टेप आम्ही आणतो. दोर आधी तिथेच मोजून घेऊ.