नवा जोड की जुना?

इंदिरानगर येथील सुवर्णमहोत्सवी श्रवणसभेत केलेले भाषण



घरी गाणे ऐकण्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर नवे घ्यावेत की वापरलेले, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली आहे. मी अभियंता नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळणारा साधा बी. ए. आहे. माझा अधिकार एवढाच की, या व्यवहारात मी ठेच खाल्ली आहे.

प्रथम यंत्राचे मर्म. नेहमीच्या स्पीकरात कागदाचा शंकू आणि चुंबक असतो. येथे अतिशय पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध ताणलेला असतो. पडद्यावर काही हजार व्होल्टचा विद्युतभार राहतो, पत्र्यांना संगीताचा संदेश मिळतो आणि त्या ओढाताणीत पडदा सर्वांगाने हलतो. म्हणूनच मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी यावर जशी उमलते, तशी पेटीबंद स्पीकरवर क्वचितच. डग्ग्याचा घुमारा मात्र थोडा उणा पडतो. शिवाय आवाज पुढे आणि मागे असा दोन्हीकडे जात असल्याने हे स्पीकर भिंतीला टेकवून चालत नाही. आपल्या सदनिकांच्या दिवाणखान्यात ही अडचण लहान नाही.

इंग्लंडच्या पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा पहिला असा स्पीकर १९५७ साली विक्रीस आला, त्याची पुढची आवृत्ती १९८१ मध्ये. त्या काळचे जोड आजही हात बदलत असतात. अमेरिकेच्या मार्टिन लोगन कंपनीने खालच्या स्वरांसाठी पडद्याच्या जोडीला नेहमीचा शंकू दिला.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक जुना जोड घेतला. अर्धा तास ऐकला आणि भुललो. पैसे कन्येच्या पुढील शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले होते. लवकरच भरून काढू, अशी मनाची समजूत घातली. पहिल्याच पावसाळ्यात उजवा स्पीकर तडतडू लागला आणि गणेशचतुर्थीपर्यंत त्याचा आवाज क्षीण झाला. जुन्या पडद्यावर धूळ साचली आणि हवेत ओल आली की, विद्युतभार गळतो. एस. पी. रोड पालथा घातला, परंतु पडदा मिळाला नाही. अखेरीस परदेशातून मागवला. सौभाग्यवतींनी एक शब्दही काढला नाही. तेच अधिक लागले. कन्येचे शुल्क पुढे कर्ज काढून भरले.

यातून शिकलो ते सांगतो. जुना जोड किमान दोन तास ऐकावा, शक्य तर पावसाळ्यात. एकाच मार्गाने ध्वनिमुद्रित झालेले जुने गाणे लावावे. गायकाचा आवाज बरोबर मध्यभागी उभा राहिला नाही, तर एक बाजू थकली आहे असे समजावे. पडदे केव्हा बदलले, याची पावती मागावी. मागितलेल्या किमतीत दोन्ही बाजूंच्या पडद्यांचा आणि वाहतुकीचा खर्च मिळवावा. ती बेरीज नव्या जोडाच्या जवळ जात असेल, तर नवाच घ्यावा. आतील विजेला स्वतः हात मात्र लावू नये. बटण बंद केल्यावरही ती काही काळ आत असते.

नवा घेतानाही पडदे पुढे मिळत राहतील काय, हे विचारावे. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीवाल्यांनी ही नाजूक तावदाने मालमोटारीतून न्यावयाची आहेत, हे विसरू नये. आणखी एक गोष्ट. वय वाढते तसे अतितार स्वर कानांना कमी ऐकू येऊ लागतात. स्पीकर नवा असो वा जुना, कान आपले वापरलेलेच आहेत. म्हणून शेवटच्या बारकाव्यासाठी घरातील शेवटचा रुपया घालू नये.

माझा जोड आज उत्तम वाजतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली की, खरखरीमागून तो स्वर समोर येऊन उभा राहतो. परंतु ते ऐकताना हिशेबाचा तो कागद आजही आठवतो. आपण तो आधी मांडावा, एवढीच विनंती.