समोरच्या संघाचा खांदा

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या मालेत आम्ही क्रिकेटवर बोलणार असे कळले तेव्हा संस्थेच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "अहो, धम्माचा आणि क्रिकेटचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना म्हटले, विहारात आपण सगळेच शहाणे असतो. हात जोडलेले, नजर खाली, आवाज मऊ. मन कसे आहे ते पाहायचे असेल तर माणसाला भारत-पाकिस्तान मॅचसमोर बसवावे. ते हसले आणि म्हणाले, "बोला मग, पण वेळ पाळा." तेव्हा वेळ पाळतो.

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. दुबईत आशिया चषक सुरू व्हायचा होता. पाकिस्तानचा डावखुरा जलद गोलंदाज शाहीन आफ्रिदी जुलैमध्ये श्रीलंकेत गॉल येथे क्षेत्ररक्षण करताना गुडघ्याला दुखापत करून बसला होता. तो स्पर्धेत खेळणार नाही असे ऑगस्टमध्ये जाहीर झाले. याच शाहीनने २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईतच रोहित शर्मा आणि राहुल यांना सुरुवातीलाच बाद करून आपली झोप उडवली होती. त्यामुळे तो नाही म्हटल्यावर आपल्याकडे आनंदीआनंद झाला. चहाच्या टपरीवर, एस. टी. स्टँडवर, आमच्या बँकेतसुद्धा. एकाने काउंटरपाशी पेढे मागितले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

तिकडे वकार युनूस यांनी लिहिले की शाहीनची दुखापत म्हणजे भारताच्या वरच्या फळीला केवढा दिलासा! त्याला आपल्या इरफान पठाणने उत्तर दिले की बुमराह आणि हर्षल हे दोघे खेळत नाहीत, हाही इतर संघांना दिलासाच आहे. कारण आपल्या जसप्रीत बुमराहची पाठ त्याच वेळी दुखावलेली होती. म्हणजे पाहा, दोन देश, दोन जायबंदी पोरे, आणि दोन्हीकडचे लोक हिशेब मांडून बसलेले: आमचा गुडघा की तुमची पाठ?

आता खरी गंमत पुढे आहे. सामन्यापूर्वी सरावाच्या मैदानावर शाहीन आला होता, गुडघा जपत. तेथे आपले खेळाडू त्याच्याकडे गेले. चहल गेला, विराट कोहली गेला, राहुल गेला, ऋषभ पंत गेला. गुडघा कसा आहे, किती दिवस लागतील, अशी चौकशी केली. कोहलीचा त्या वेळी पडता काळ होता. शाहीनने त्याला सांगितले की तुमचा फॉर्म परत यावा म्हणून आम्ही दुवा करतो. हे सर्व चित्रफितीत आहे, लाखो लोकांनी पाहिले आहे. ज्यांचे यष्टी उडायचे ते चौकशी करीत होते, आणि ज्यांचे काहीच उडायचे नव्हते ते आम्ही पेढे मागत होतो.

(हा सामना भारताने २८ ऑगस्टला जिंकला. षटकार मारून तो संपवणारा हार्दिक पंड्या २०१८ साली दुबईच्याच मैदानावरून, पाकिस्तानविरुद्धच, पाठ धरून स्ट्रेचरवर गेला होता. तेव्हा पलीकडच्या काही टपऱ्यांवर कोणी पेढे मागितले असतील की नाही, आम्हांस ठाऊक नाही. मागितले असावेत.)

विद्यार्थ्यांसाठी थोडे शरीरशास्त्र सांगतो. आम्ही कला शाखेचे, तेव्हा सोपेच सांगू. जलद गोलंदाज पळत येतो आणि पुढचा पाय जमिनीवर आदळतो. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून गुडघ्यात, कमरेत आणि मणक्यात चढतो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकते आणि पिळवटते. हे एका षटकात सहा वेळा, दिवसात शे-सव्वाशे वेळा, वर्षानुवर्षे. कमरेच्या मणक्याच्या हाडाला केसाएवढी चीर पडते. पडून मोडलेल्या हाडासारखी ती एकदम होत नाही, कामाने होते. बुमराहला २०१९ मध्ये अशी चीर पडली. २०२२ मध्ये पाठ पुन्हा गेली आणि ऑस्ट्रेलियातील विश्वचषक हुकला. २०२३ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. न्यूझीलंडच्याच शेन बाँडची कथा याहून जुनी. इतका भेदक गोलंदाज, पण पाठीपायी अवघे १८ कसोटी सामने खेळू शकला, ८७ बळी घेऊन थांबला. पुढे तोच मुंबई इंडियन्सचा गोलंदाजी प्रशिक्षक झाला आणि बुमराहला जपून वापरा असे सांगू लागला. ज्याचे जळते त्याला कळते.

'वापरा' हा शब्द आमच्या तोंडून गेला. तो मुद्दाम तसाच ठेवतो, कारण आमचे सगळे म्हणणे त्या शब्दाभोवती आहे.

त्याच २०२२ सालच्या १३ नोव्हेंबरला मेलबर्नला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, पाकिस्तान आणि इंग्लंड यांचा. शाहीन परतला होता. हॅरी ब्रूकचा झेल घेताना तोच गुडघा पुन्हा दुखावला. बाहेर गेला, परत आला. इंग्लंडला ३० चेंडूंत ४१ धावा हव्या होत्या. त्याने सोळाव्या षटकाचा एक चेंडू टाकला आणि थांबला. पुढे टाकवेना. लंगडत गेला. षटकाचे उरलेले पाच चेंडू दुसऱ्याने टाकले, त्यांत स्टोक्सने चौकार आणि षटकार मारला आणि सामना फिरला. आमच्या घरात आठ-दहा जण बसले होते. शाहीन लंगडू लागला तशी टाळी पडली. इंग्लंड आपले कोण लागते? तीनच दिवसांपूर्वी त्याच इंग्लंडने आपल्याला दहा गडी राखून घरी पाठवले होते. तरीही टाळी पडली. तिच्यात जिंकण्याचा आनंदही नव्हता, नुसते एका माणसाचे लंगडणे होते.

मग २०२५ उजाडले. सिडनीची कसोटी, ४ जानेवारी. मालिकेत ३२ बळी घेतलेला बुमराह दुसऱ्या दिवशी मैदान सोडून गेला आणि दुसऱ्या डावात चेंडू टाकायला आलाच नाही. ऑस्ट्रेलियाने सामना सहा गडी राखून जिंकला, मालिका ३-१. त्यांचा सलामीवीर उस्मान ख्वाजा नंतर मोकळेपणाने म्हणाला की त्याच्यासाठी वाईट वाटले, पण त्याला खेळावे लागले नाही याने सुटकेचा श्वासही टाकला. हे ऐकून आमच्या घरातील तेच आठ-दहा जण संतापले. "लाज नाही वाटत!" आम्हांला मात्र ख्वाजाचे बोलणे प्रामाणिक वाटले. जो समोर उभा राहतो त्याला सुटका वाटणारच. भीती ही भीती असते. आमचे भांडण त्या सुटकेशी नाही. आमचे भांडण पेढ्यांशी आहे.

आणि दुसरी एक गोष्ट, जी बोलायला अधिक अवघड आहे. बुमराह गेला तेव्हा आम्ही हळहळलो ते कोणासाठी? आमच्या घरातील पहिला प्रश्न होता, "आता चॅम्पियन्स ट्रॉफीत कसे होणार?" त्याची पाठ दुखते का, त्याला रात्री झोप लागते का, हे कोणी विचारले नाही. म्हणजे परक्याचा गुडघा मोडल्याचा आनंद आणि आपल्याची पाठ गेल्याचे दुःख, दोन्ही एकाच हिशेबातले. दोन्हीकडे हात दिसतो, माणूस दिसत नाही.

हे आपल्या लोकांना नवे नाही. पळवणकर बाळू यांचे नाव येथील विद्यार्थ्यांनी ऐकले पाहिजे. जन्म १८७६. चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. आपल्या या पुण्यातच, इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम बाळूंनी गाळायचा. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते म्हणून बाळू हवे झाले. मैदानात त्यांनी चेंडूला लावलेला हात सर्वांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरुण वयात बाबासाहेबांना या माणसाचे मोठे कौतुक होते. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. समोरच्या संघात गेले ना! पण त्या मातीच्या भांड्याचे दुःख समोरच्या संघाचे कसे म्हणता येईल?

विनयपिटकात एक कथा आहे. एका विहारात एक भिक्षू अतिसाराने आजारी पडला होता, स्वतःच्या घाणीत पडून होता. भगवंत आनंदासह तेथे आले. इतर भिक्षू तुझी सेवा का करीत नाहीत, असे त्याला विचारले. तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. आम्ही ही कथा अनेकदा ऐकली होती. पण 'उपयोगाचा नाही' या शब्दांपाशी आम्ही थांबलो ते इंदापूरच्या एका मैदानानंतर. ते सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त इंदापूरकडे टेनिस बॉलचे सामने होते. ऊस निघालेल्या रानात पाळी घालून मैदान केलेले. बारामतीहून आमच्या वस्तीचा संघ गेला होता, आम्ही पाठीराखे म्हणून टेम्पोत. समोरच्या संघात एक पोरगा होता, पंचविशीतला, उंच, काळासावळा. हंगामभर ट्रॉलीत ऊस भरायचे काम करणारा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे, दिवसात किती खेपा त्याची मोजदाद नाही. त्याने पहिल्या दोन षटकांत आमचे तीन गडी काढले. मग तिसऱ्या षटकात चेंडू टाकून तो खांदा धरून उभा राहिला. आमच्यातल्या कोणीतरी ओरडले, "खांदा गेला!" आणि सगळे धरून ओरडू लागले. खांदा गेला, खांदा गेला. ताल धरला, पत्र्याचा डबा वाजवला. आम्ही चाळिशी ओलांडलेले, बँकेत नोकरी करणारे, रोज त्रिशरण म्हणणारे, आम्हीही ओरडलो. त्याच्या कर्णधाराने त्याला विचारले. त्याने आमच्याकडे पाहिले आणि मान हलवली, टाकतो म्हणून. उरलेले चार चेंडू टाकले. पुढे आणखी एक षटक टाकले. आम्ही ओरडलो नसतो तर तो थांबला असता, असे आम्हांस तेव्हापासून वाटत आले आहे. सामना आम्ही जिंकलो.

पंधरा-वीस दिवसांनी तो आमच्या काउंटरवर आला. आम्ही ओळखले नाही. पैसे काढायची स्लिप पुढे केली, सही पाहिली, जुळत नव्हती. आम्ही नेहमीच्या सुरात म्हटले, "सही जुळत नाही, परत करा." त्याने पेन डाव्या हातातून उजव्या हातात घेतले. कोपर काउंटरवर टेकवता येईना. म्हणाला, "साहेब, कळ येते. डाव्यानं केली म्हणून चुकली." तेव्हा आम्ही वर पाहिले. त्यानेही पाहिले आणि हसला. "तुम्ही त्या दिवशी मॅचला होता ना? तुमच्या त्या बुटक्या पोरानं शेवटी लई भारी मारलं."

आम्ही अधिकाऱ्यांना विचारून, साक्षीदार घेऊन, त्याचा अंगठा लावून घेतला. शाई पुसायला कागद दिला. पैसे मोजून दिले. पुढचा हंगाम आला की मोळी कशी उचलणार, हा प्रश्न ओठांवर होता. विचारला नाही. आम्ही ओरडलो होतो, तेही सांगितले नाही. रांगेत आठ माणसे होती आणि आम्हांला ती रांग फार सोयीची वाटली.

बारामतीत बाबासाहेबांच्या नावाचे स्टेडियम आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तेथे महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला. अशा मैदानावर बर्फ, पट्ट्या, डॉक्टर, सगळे असते. उसाच्या रानात काही नसते. येत्या जयंतीला आपल्या तरुण मंडळाचे सामने आहेत, बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांतून संघ येणार आहेत. आमची मंडळाला सूचना आहे की प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फाचा डबा आपण ठेवावा, आणि तो आपल्या बाकाजवळ न ठेवता पाहुण्या संघाच्या बाकाजवळ ठेवावा. कोणी गोलंदाज खांदा किंवा गुडघा धरून थांबला तर त्याचे उरलेले षटक दुसऱ्याने टाकावे, पंचांनीच ते सांगावे, म्हणजे त्याला आमच्याकडे पाहून मान हलवावी लागणार नाही. पेटीचा खर्च आम्ही देतो. पेटी उचलून मैदानात धावायला एक माणूस लागेल. वय झाले असले तरी तेवढे पळवते, तेव्हा ते नाव आमचे लिहून घ्यावे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. रजा घेतो. जयभीम. नमो बुद्धाय.