मासळी, मांस आणि गृहिणीचे हृदय

कोलकात्याच्या एस्प्लनेड भागात सायंकाळी उभे राहिले म्हणजे बंगाली जिव्हेचे दोन कल एकदम ध्यानी येतात. एकीकडे पराठ्यात गुंडाळलेले मांसाचे काठी रोल, दुसरीकडे भेटकी माशाचे खमंग तळलेले काप. आणि जवळच, १८७४ साली उघडलेल्या न्यू मार्केटात, मांस व मासळी या दोहोंचे गाळे. यांतून निवड करताना आपण चव पाहतो, किंमत पाहतो. घरातील स्त्रीच्या प्रकृतीचाही विचार त्यात व्हावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस आणि कित्येक हार्मोन्स यांना ते लागतेच, आणि आपले यकृत ते स्वतः तयार करते. रक्तातून ते प्रथिनयुक्त कणांच्या रूपाने वाहते. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण फार झाले म्हणजे रोहिणीच्या भिंतीत त्यांचे थर साचू लागतात. हे कण रक्तातून उचलून घेणारी ग्राहके पेशींवर, विशेषतः यकृतात, असतात. या शोधकार्याबद्दल ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त चरबी वाढली की ही ग्राहके मंदावतात आणि रक्तातील एलडीएल वाढते.

मांस व मासळी यांतील भेद येथेच आहे. चरबीदार मटणात संपृक्त चरबी पुष्कळ असते. रोहू किंवा भेटकीसारख्या माशात एकंदर चरबीच थोडी. हिलसा, किंवा आपल्या कोकणातील बांगडा व तारली, हे मासे तेलकट खरे. पण त्यांच्या तेलात ओमेगा-३ आम्ले असतात. ही आम्ले रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उतरवतात. एलडीएल मात्र त्यांनी फारसे उतरत नाही. म्हणून कोलेस्टेरॉलच्या बाबतीत खरा लाभ मासळी खाण्यापेक्षा, तिच्यासाठी चरबीदार मांस सोडण्यात आहे. मांस तसेच ठेवून वर मासळी वाढविली, तर जमाखर्चाची शिल्लक फारशी बदलत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत या हिशेबाला वयाचे परिमाण आहे. ऋतुप्राप्तीच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन एलडीएलला आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर तो आवर सुटतो. हृदयविकार हा पुरुषांचा रोग, या समजुतीने कित्येक गृहिणींचा दम लागणे, थकवा, जबड्याचे वा पाठीचे दुखणे यांकडे दुर्लक्ष होते. अमेरिकेतील ८४,६८८ परिचारिकांचा आहार व प्रकृती सोळा वर्षे पाहून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच वा अधिक वेळा मासळी खाणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार, क्वचितच मासळी खाणाऱ्यांपेक्षा, सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळला. अशा निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि इशारा स्पष्ट आहे.

मात्र मासा वनस्पती तुपात तळला किंवा कोळंबी नारळाच्या दाट दुधात शिजवली, तर दाराबाहेर घालविलेली संपृक्त चरबी खिडकीतून आत येते. झोळ, कालवण किंवा भाजलेला मासा हाच शहाणपणाचा मार्ग.

शेवटी एक प्रश्न पाकशास्त्राबाहेरचा. बंगालमध्ये उच्चवर्णीय हिंदू विधवेच्या ताटातून रूढीने मासाच काढून घेतला होता. आपल्याकडेही अनेक घरांत चांगली तुकडी पुरुषांच्या व मुलांच्या पानात जाते, आणि रांधणारीच्या वाट्याला उरलेला रस्सा. ज्या घरी मासळी चालते, तेथे ती कोणाच्या पानात पडते, याचाही विचार व्हावयास हवा. ज्या घरी ती चालत नाही, तेथे डाळी व कडधान्ये आहेतच. चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीने एकदा रक्त तपासून घ्यावे आणि सर्वांबरोबर पानावर बसावे; तिची प्रकृती हाही घराचाच ठेवा आहे.