निळू फुले : नट आणि कार्यकर्ता



निळू फुले यांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो बेरकी नजरेचा, शब्द चावून चावून बोलणारा गावचा पाटील. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ती प्रतिमा मात्र पुसली गेली नाही. खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्या पाटलाचा मनापासून तिरस्कार करीत. नटाला याहून मोठी पावती कोणती? तथापि या पाटलाच्या सावलीत खरे निळूभाऊ झाकले गेले, हेही खरे.

तरुणपणी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. पगार ८० रुपये. त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला जात. सेवा दलाच्या कलापथकातच त्यांच्यातला नट घडला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधील रोंगे असो की ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य असो, समोरच्या श्रमिक प्रेक्षकाशी थेट बोलायचे आणि सत्ताधाऱ्याची टोपी हसत हसत उडवायची, ही वगाची रीत त्यांच्या अंगात मुरली. १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’ने ते चित्रपटात आले, ते ही शिदोरी घेऊनच.

जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे. तो केवळ दुष्ट असता तर त्याला विसरणे सोपे होते. निळूभाऊंनी त्याला कर्तबगारी दिली, विनोद दिला, पाहुणचारही दिला. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी विचारीत राहतो, तेव्हा त्या रुबाबाला जो तडा जातो, त्यातून सहकारातील नव्या सरंजामशाहीचे अंतरंग उघडे पडते. राबणाऱ्यांच्या बाजूने सत्तेकडे पाहिलेल्या माणसालाच हे साधते.

१९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले. त्यावर बंदी आली आणि उच्च न्यायालयापर्यंत लढा झाला. त्यातला रांगडा, ढोंगाची चीड असलेला आणि तरीही स्त्रीला राबविणारा सखाराम त्यांनी निर्भयपणे उभा केला. उलट ‘सिंहासन’मधील (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा खेळ मुकाट्याने पाहतो आणि अखेर भ्रमिष्ट होतो. तेथे त्यांनी आवाज आवरला, नजरेनेच काम केले.

एवढा पल्ला असलेल्या नटाला धंद्याने मात्र पुन्हा पुन्हा पाटीलच करायला लावले. मूळची टीका हळूहळू करमणूक झाली. वाड्यावरचा अत्याचार हा नकलेचा आणि विनोदाचा विषय ठरला. हा दोष नटाचा कमी, धंद्याचा आणि टाळ्या वाजविणाऱ्या आपणा सर्वांचा अधिक. पडद्यावरच्या पाटलाला शिव्या द्यायच्या आणि गावातल्या पाटलाला मत द्यायचे, ही सोयीची नीती महाराष्ट्राने दीर्घकाळ पाळली.

निळूभाऊंनी आपल्यापुरते उत्तर कृतीने दिले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचे ठरले, तेव्हा ‘लग्नाची बेडी’च्या प्रयोगांत डॉ. लागूंसह ते उभे राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरही ते कार्यकर्ता म्हणूनच येत. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याने या राहणीत फरक पडला नाही.

कलावंताने समाजाचे ऋण मानावे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. माळीकामाच्या पगारातून दहा रुपये बाजूला काढणाऱ्या तरुणाने ते आधीच मानले होते आणि नाव झाल्यावरही ते फेडणे थांबविले नाही. त्यांची नक्कल करणारे पुष्कळ आहेत. हा हप्ता पुढे चालविणारे हवे आहेत.