कुंपणावरील बिंबी



संस्कृत काव्य वाचणाऱ्याला ‘बिंबाधर’ हा शब्द परिचित असतो. पिकलेल्या बिंबफळासारखे लाल ओठ, हा त्याचा अर्थही पाठ असतो. परंतु ते फळ कोणत्या वेलीचे, या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. ती वेल म्हणजे भोपळ्याच्या कुळातील तोंडली. ‘तुंडिकेरी’ आणि ‘रक्तफला’ ही तिचीच नावे अमरकोशात आहेत.

तंजावरला या वेलीची दोन घराणी एकत्र भेटतात. कावेरीच्या त्या सुपीक प्रदेशात ती कुंपणांवर आणि झुडपांवर कोणी न लावता चढते. तमिळ भाषेत तिला ‘कोवै’ म्हणतात आणि तमिळ संतकवी अप्पर यांनी चिदंबरच्या नटराजाच्या ओठांना याच फळाची उपमा दिली आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली, त्यांना भाषा परकी होती; कुंपणावरची वेल मात्र ओळखीची होती.

त्याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधांची पारख करविली आणि वनस्पतींची रंगीत चित्रेही काढवून घेतली, हे तितकेच महत्त्वाचे. पोथीतील नाव आणि मातीतील वनस्पती यांची गाठ घातल्यावाचून विद्या पूर्ण होत नाही, हे त्या राजाने जाणले होते.

ही गाठ आज सैल होत आहे. मळ्यातील तोंडली छाट कलमांनी लावतात. फळे हवीत म्हणून मादी वेलीच निवडल्या जातात. त्यामुळे मळ्यातील अनेक वेली एकाच वेलीच्या प्रती ठरतात. रानात मात्र नर आणि मादी वेली निरनिराळ्या असतात. पांढऱ्या फुलांतील पराग कीटक वाहून नेतात, लाल फळे पक्षी खातात आणि बी दूरवर पडते. प्रत्येक बीज थोडे वेगळे असते. ते फळ बहुधा कडू लागते, म्हणून त्याला बाजार नाही. पण पुढे एखाद्या रोगाला तोंड देणारा वाण हवा असेल, तर तो या कडू वेलींतूनच शोधावा लागेल. हिरवी कुंपणे जाऊन सिमेंटच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा हा ठेवा कोणाच्याही नोंदीविना संपतो.

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथालयातील पोथीला राखणदार असतो. कुंपणावरील बिंबीला नसतो. तिचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, शेजारच्या भाषेतील नावही टिपून ठेवावे, आणि शाळेच्या आवारात निदान एक कुंपण हिरवे राहू द्यावे. हीरकमहोत्सवाची याहून साधी आणि टिकाऊ आठवण दुसरी नाही.