ऐन हंगामातील अदलाबदल आणि कराराची काडीमोड



‘बदली’ हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. स्टेशनमास्तरची बदली होते, मामलेदाराची होते. हुकूम आला की बिऱ्हाड बांधावे लागते. परंतु बदलीने गाव बदलते, धनी बदलत नाही. आज आम्ही ज्या प्रथेविषयी बोलणार आहोत, तीत गाव आणि धनी दोन्ही एका दिवसात बदलतात, आणि ज्याला जायचे त्याची संमती बहुधा घेतलेली नसते. ही प्रथा अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलची, म्हणजे एन. बी. ए. या संघटनेची आहे.

या संघटनेत ३० संघ आहेत. हंगाम साधारणतः ऑक्टोबरात सुरू होतो, आणि फेब्रुवारीतील एका ठरावीक तारखेपर्यंत संघांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. ६ फेब्रुवारी २०१९ रोजी डॅलसचा हॅरिसन बार्न्स शार्लटविरुद्धच्या सामन्यात खेळत होता. सामना संपण्यापूर्वीच त्याचा सौदा झाल्याची बातमी फुटली. बाकावर बसून तो सहकाऱ्यांना उत्तेजन देत राहिला. पण ते सहकारी आता त्याचे उरले नव्हते. तो गेला सॅक्रामेंटोला. त्या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, आणि हा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत दोन सामने खेळून गेला, हे आपणांपैकी काहींना स्मरत असेल.

या सौद्याचे गणित समजून घेतले पाहिजे. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा आहे. ती ओलांडलेल्या संघाला अदलाबदल करताना दिलेल्या आणि घेतलेल्या खेळाडूंच्या वेतनाचा मेळ नियमाप्रमाणे घालावा लागतो. तागडीची दोन पारडी सारखी करायची म्हणून कधी कधी असा खेळाडू सौद्यात टाकतात, की ज्याचा खेळ घेणाऱ्याला नको असतो. हवा असतो तो त्याच्या पगाराचा आकडा. माणूस येथे वजनाच्या मापासारखा वापरला जातो.

जुन्या काळी स्थिती याहून कठीण होती. जानेवारी १९६५ मध्ये, त्या काळचा सर्वांत मोठा धावफलकवीर म्हणावा असा विल्ट चेंबरलेन सॅन फ्रान्सिस्कोहून फिलाडेल्फियाला दिला गेला. मोबदला तीन खेळाडू आणि दीड लाख डॉलर! त्या वेळी करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. याविरुद्ध खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० साली दावा लावला. १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. मात्र हे स्वातंत्र्य कराराच्या शेवटी मिळते. कराराच्या मध्यावर काय? तेथे खेळाडूला एक अडचणीची वाट उरते. तिला आम्ही काडीमोड म्हणतो.

करार बहुधा पक्क्या हमीचा असतो. खेळाडूला घरी बसविले तरी संघाला पैसे चुकत नाहीत. म्हणून दोघे बसून ठरवितात: खेळाडूने येणे रकमेतील काही भाग सोडायचा, संघाने त्याला मोकळे करायचे. त्यानंतर ४८ तास इतर संघांना तो करार आहे तसा उचलण्याची मुभा असते. कोणी उचलला नाही, तर तो स्वतंत्र होतो आणि पसंतीच्या संघाशी बोलणी करू शकतो.

ब्लेक ग्रिफिनची हकिगत येथे बोलकी आहे. २००९ पासून तो लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाचा. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याला राखण्यासाठी संघाने रिकाम्या क्रीडागृहात त्याच्या नावाची बंडी छताशी चढविण्याचा सोहळाच करून दाखविला. हा मान निवृत्त झालेल्या थोर खेळाडूंचा. ग्रिफिनने पाच वर्षांच्या करारावर सही केली. जानेवारी २०१८ संपण्यापूर्वीच त्याला डेट्रॉइटला धाडून दिले! पुढे डेट्रॉइटला त्याची गरज उरली नाही. मार्च २०२१ मध्ये त्याने सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलरवर पाणी सोडले आणि स्वतः निवडलेल्या ब्रुकलिनच्या संघात गेला.

कोणी म्हणेल, एवढे कोट्यधीश लोक, त्यांचे कसले दुःख? आक्षेप वजनदार आहे. पगार बुडत नाही. वेठबिगारीशी याची तुलना करणे वेठबिगारांचा अपमान होईल. शिवाय अदलाबदल बंद केली तर दुबळ्या संघांना सुधारण्याचे एक मोठे साधन जाईल. काडीमोडीचाही दुरुपयोग होतो. मोकळे झालेले नामांकित खेळाडू स्वस्तात बलाढ्य संघांकडेच धावतात. म्हणून २०२३ च्या नव्या कराराने अतिखर्चिक संघांवर याबाबत बंधने घातली.

हे सारे मान्य करूनही आमचा मुद्दा उरतोच. वेतन हे श्रमाचे मोल आहे, संमतीचे नव्हे. ग्रिफिनने सोडलेली रक्कम म्हणजे स्वतःची संमती परत विकत घेण्याची किंमत होय. आणि ज्याच्या कराराला पक्की हमी नाही, त्या लहान खेळाडूजवळ सोडायला काय असते? सौद्याला नकार देण्याचा हक्क करारात लिहून घेता येतो. पण त्यासाठी आठ वर्षांचा खेळ आणि त्याच संघातील चार वर्षे लागतात. इतके करून तो देणारे मालक विरळा.

प्रश्न खेळाडूपुरताही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने पंचवीस वर्षांचा लुका डॉन्चिच अचानक लॉस एंजेलिसला दिला, तेव्हा गावकरी क्रीडागृहाबाहेर निषेधाला जमले. ते तिकिटाचे पैसे मागत नव्हते. आपला मानलेला माणूस न विचारता नेला, ही त्यांची तक्रार होती.

अदलाबदल राहो, धंदा आहे तेथे देवघेव राहणारच. पण माणूस देताना त्याला आधी विचारावे, निदान त्याच्या कानावर घालावे, एवढी रीत कोणत्याही धंद्याला परवडण्यासारखी आहे. घरचा बैल विकतानाही शेतकरी त्याच्या पाठीवरून हात फिरवितो.